बॅटिंगवाल्यांचाच अंपायर : क्रिकेट मंडळाचं २०१३ चं प्रकरण

गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, की अंपायर बॅटिंग करणाऱ्या बाजूचाच असतो. पोरं कमी असतात, दुसरा उपाय नसतो. त्यामुळे गल्लीत एलबीडब्ल्यू नसतेच, आणि बॅटची कड लागून कीपरकडे गेलेल्या कॅचचा 'आवाज आला नाही' म्हणून निकाल लागतो. कुणी फार मनावर घेत नाही. पुढच्या डावात आपलाही अंपायर उभा राहणारच असतो.

वानखेडे स्टेडियमच्या आवारात ज्या संस्थेचं मुख्यालय आहे, त्या भारतीय क्रिकेट नियामक मंडळात २०१३ च्या उन्हाळ्यात हेच झालं. फरक एवढाच, की तिथे डाव बदलायचाच नव्हता.

आयपीएलमधल्या स्पॉट-फिक्सिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन एखादं षटक आधी ठरवून टाकण्याच्या, या प्रकरणाचं नाव काढलं की बहुतेकांना बोलरच्या कमरेला खोचलेला टॉवेल आठवतो; ती सट्टेबाजांना द्यायची खूण होती, असा पोलिसांचा आरोप होता. वाहिन्यांनी तो इतका दाखवला की बाकीचं सगळं त्याच्याआड गेलं. मला इथे टॉवेलबद्दल फारसं बोलायचं नाही. एका टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी काय केलं आणि काय केलं नाही, हे पाहायचं आहे. मी स्वतः मुंबईतल्या मैदानावरच्या एका छोट्या क्लबच्या कार्यकारिणीत बरीच वर्षं बसतो आहे. तंबू, माळी, रोलर आणि कायम रिकामी तिजोरी, एवढीच आमची दौलत. तरी त्या टेबलाभोवतीची शांतता मला ओळखीची वाटते. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी २००८

पोलीस २०१३ मध्ये आले, पण प्रकरणाची मुळं पाच वर्षं मागे आहेत. २४ जानेवारी २००८ ला मुंबईतच आयपीएलच्या आठ संघांची बोली जाहीर झाली. चेन्नईचा संघ इंडिया सिमेंट्सने ९ कोटी १० लाख डॉलरला घेतला. कंपनीची सूत्रं एन. श्रीनिवासन यांच्या हाती होती, आणि त्या वेळी ते क्रिकेट मंडळाचे खजिनदार होते. संघ विकणारी संस्था मंडळ, घेणारी कंपनी मंडळाच्या खजिनदाराची.

मंडळाच्या नियमावलीत यावर बंदी होती. कलम ६.२.४ सांगत होतं, की कोणत्याही पदाधिकाऱ्याचा मंडळाच्या सामन्यांत किंवा स्पर्धांत प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष व्यापारी हितसंबंध असता कामा नये. साधं, सरळ, शहाण्या माणसांनी लिहिलेलं वाक्य. सप्टेंबर २००८ मध्ये त्याला शेपूट जोडलं गेलं : आयपीएल, चॅम्पियन्स लीग ट्वेंटी-२० यांसारख्या स्पर्धा वगळून. म्हणजे ज्या स्पर्धेत खरा पैसा होता, तेवढी वगळून. 'सोवळं पाळतो, फक्त जेवताना नाही' असं कुणी म्हणावं, तसा हा नियम.

ही दुरुस्ती झाली तेव्हा शरद पवारांच्या अध्यक्षपदाचा शेवट आणि शशांक मनोहरांच्या कारकिर्दीची सुरुवात होत होती. दोघेही महाराष्ट्राचे, दोघेही नियम कोळून प्यालेले. देशभरातल्या तीसएक संघटना या मंडळाच्या सदस्य. कुणी एक माणूस हे एकटा करू शकत नाही. शेपूट जोडायला हात वर व्हावे लागतात.

विरोध एका आवाजाने केला. माजी अध्यक्ष ए. सी. मुथय्या कोर्टात गेले. २०११ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही आणि प्रश्न लटकला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये श्रीनिवासन मंडळाचे अध्यक्ष झाले. आता मैदान त्यांचं, संघ त्यांचा, अंपायरची नेमणूकही त्यांच्याच मंडळाची.

एक गोष्ट इथेच नोंदवतो. इंडिया सिमेंट्सच्या संचालक मंडळात बसताना याच माणसाला १९५६ च्या कंपनी कायद्याची कलमं २९९ आणि ३०० लागू होती : व्यवहारात आपला संबंध असेल तर तो उघड करा आणि त्या विषयावर मत देऊ नका. मुंबईतल्या कुठल्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींमध्येही हीच अट आहे : समितीच्या सदस्याचा संस्थेच्या कंत्राटात हितसंबंध नको. गळकी टाकी दुरुस्त करणाऱ्या सोसायटीला जी शिस्त, ती हजारो कोटींच्या मंडळाला नव्हती. मंडळ तमिळनाडूच्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली एक 'खासगी संस्था' होती, आणि हे दोन शब्द त्यांनी पुढे प्रत्येक कोर्टात ढालीसारखे वापरले.

अकरा दिवस आणि एक जावई

१५ मे २०१३ ला वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्सचा सामना झाला. १६ मेच्या पहाटे दिल्ली पोलिसांनी राजस्थानच्या श्रीशांत, अजित चंडिला आणि अंकित चव्हाण यांना स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून मुंबईत अटक केली. अंकित मुंबईचा डावखुरा स्पिनर, मैदानातल्या लोकांच्या ओळखीचा. त्या आठवड्यात आझाद मैदानावर चहाच्या टपरीशी दुसरा विषय नव्हता.

मग मुंबई पोलिसांच्या सट्ट्याच्या तपासाचा धागा निघाला. २१ मेला अभिनेता विंदू दारासिंगला अटक झाली, आणि २४ मेच्या रात्री गुरुनाथ मय्यप्पनला. गुरुनाथ हे श्रीनिवासन यांचे जावई. सामन्यांच्या वेळी चेन्नईच्या डगआउटमध्ये बसणारे, लिलावाच्या टेबलावर दिसणारे, 'टीम प्रिन्सिपल' म्हणून मिरवणारे. त्याच दिवशी इंडिया सिमेंट्सने पत्रक काढलं, की ते मालक नाहीत, मुख्य अधिकारी नाहीत, टीम प्रिन्सिपलही नाहीत. व्यवस्थापनातले एक मानद सदस्य आहेत फक्त.

हे पत्रक पुन्हा वाचण्यासारखं आहे. कंपनीला आपला संघ वाचवायचा होता, हे समजू शकतं. पण त्या क्षणी कंपनीचा बचाव आणि मंडळाचं कर्तव्य एकमेकांच्या विरुद्ध दिशेला होते, आणि दोन्हींच्या वरच्या टोकाला एकच माणूस होता. आयपीएलच्या नियमांनुसार संघाच्या अधिकाऱ्याने खेळाची बदनामी केली तर फ्रँचायझीवर कारवाई होऊ शकत होती, अगदी संघ रद्द होईपर्यंत. त्यामुळे 'गुरुनाथ संघाचे अधिकारी होते का' या एका प्रश्नावर सगळं अडलं होतं. मंडळाच्या अध्यक्षाला त्याचं उत्तर 'हो' आलं तर संघ धोक्यात. 'नाही' आलं तर संघ वाचणार. अशा माणसाने त्या प्रश्नाच्या जवळपासही उभं राहायला नको होतं.

२६ मेला कोलकात्यात अंतिम सामना होता. श्रीनिवासन यांनी तिथे पत्रकारांना सांगितलं, की आपण काही चूक केलेली नाही, राजीनामा देणार नाही. चौकशी समितीही जाहीर केली. त्या रात्री मुंबई इंडियन्सने चेन्नईला हरवून पहिल्यांदा आयपीएल जिंकलं. दादरला फटाके वाजले, हेही खरं.

पुढच्या आठवड्यात टेबलाभोवती हालचाल झाली. ३१ मेला सचिव संजय जगदाळे आणि खजिनदार अजय शिर्के यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी राजीव शुक्ला यांनी आयपीएलचं अध्यक्षपद सोडलं. २ जूनला चेन्नईत कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. बैठकीचे अध्यक्ष? श्रीनिवासनच. ज्यांच्याबद्दल बैठक, त्यांच्याच अध्यक्षतेखाली. राजीनाम्याची उघड मागणी मंडळाचे माजी अध्यक्ष आय. एस. बिंद्रा यांनी केली, आणि ते एकटे पडले. तोडगा निघाला तो असा, की अध्यक्ष चौकशी संपेपर्यंत 'बाजूला' होतील, जगमोहन दालमिया कारभार पाहतील. रिकाम्या झालेल्या खजिनदारपदावर काही दिवसांत मुंबई क्रिकेट संघटनेचे रवी सावंत आले. खुर्च्या भरल्या, मूळ प्रश्न तसाच राहिला.

जगदाळे-शिर्के यांच्या राजीनाम्यांबद्दल माझं मन अजून पक्कं नाही. तेव्हा ते मला सडेतोड वाटले होते. आज वाटतं, बाहेर पडून त्यांनी स्वतःची बाजू स्वच्छ ठेवली, पण टेबलावर हरकत घेणारे दोन हातही कमी केले. त्यांना परत या म्हणून विनवण्या झाल्या, त्यांनी नकार दिला. राहून लढणं जास्त उपयोगी ठरलं असतं का? २ जूनच्या बैठकीचं वर्णन वाचलं की शंका येते.

क्लीन चिट आणि मुंबईचं हायकोर्ट

चौकशी समिती आधी तिघांची होती : टी. जयराम चौटा आणि आर. बालसुब्रमणियन हे दोन निवृत्त न्यायाधीश, आणि स्वतः जगदाळे. जगदाळे बाहेर पडले, दोघे राहिले. २८ जुलैला समितीचा निष्कर्ष समोर आला : इंडिया सिमेंट्स, राजस्थान रॉयल्स, राजस्थानचे सहमालक राज कुंद्रा यांच्याविरुद्ध गैरकृत्याचा पुरावा नाही. मुंबई पोलिसांचं आरोपपत्र यायला अजून जवळपास दोन महिने होते. ते २१ सप्टेंबरला दाखल झालं आणि त्यात गुरुनाथचं नाव होतं. म्हणजे ज्यांच्याकडे फोनचं संभाषण, साक्षी, जप्त केलेल्या वस्तू होत्या, त्यांचं म्हणणं कागदावर येण्याआधीच निकाल तयार.

समितीच्या निष्कर्षानंतर दोनच दिवसांनी, ३० जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. वजिफदार आणि न्या. सोनक यांच्या खंडपीठाने ही समितीच बेकायदा ठरवली. मंडळाच्या स्वतःच्या आयपीएल नियमांनुसार तिची रचना झाली नव्हती. याचिका होती बिहार क्रिकेट संघटनेची, जिला मंडळ दारात उभं करायला तयार नव्हतं. मुंबईत एवढे क्लब, एवढे माजी कसोटीपटू, एवढे नामवंत वकील. कोर्टात गेलं बिहार. हे मला आजही टोचतं.

हायकोर्टाने नवी समिती मात्र नेमली नाही. म्हणून बिहारवाले सर्वोच्च न्यायालयात गेले आणि गाडी तिथून पुढे सरकली. ८ ऑक्टोबर २०१३ ला न्या. मुकुल मुद्गल यांची समिती आली. दरम्यान सप्टेंबरच्या वार्षिक सभेत श्रीनिवासन पुन्हा बिनविरोध निवडून आले होते. बिनविरोध! चार महिन्यांपूर्वी जावयाला अटक, दोन महिन्यांपूर्वी चौकशी समिती बेकायदा, आणि सभागृहात एकही प्रतिस्पर्धी नाही. मार्च २०१४ मध्ये न्यायालयाने खुर्चीला चिकटून राहणं किळसवाणं आहे अशा अर्थाचे शब्द वापरले, तेव्हा कुठे ते दूर झाले. आयपीएलसाठी न्यायालयाने सुनील गावसकरांना नेमलं. (त्यांचाही मंडळाशी समालोचनाचा पगारी करार होता, ते काम बाजूला ठेवायला लागलं. हितसंबंधाचा चिखल आपल्या लाडक्या माणसाच्या बुटालाही लागतो, फक्त तिकडे बघवत नाही.) आणि जूनमध्ये, भारतात कोर्टाने बाजूला केलेले श्रीनिवासन मेलबर्नमध्ये आयसीसीचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे, चेअरमन झाले. कारण त्यांना पाठवणारं मंडळ तेच होतं.

जावयाच्या पापासाठी सासऱ्याला का?

हा प्रश्न तेव्हा खूप लोकांनी विचारला, आणि तो मूर्खपणाचा नाही. मुद्गल समितीने गुरुनाथ हे संघाचे अधिकारी होते आणि त्यांनी सट्टा लावला, हे मान्य केलं; सामना फिक्स केल्याचं म्हटलं नाही. श्रीनिवासन यांच्याबद्दल तर स्पष्ट लिहिलं, की ते फिक्सिंगमध्ये नव्हते आणि त्यांनी तपासात अडथळा आणला असंही दिसत नाही. मग शिक्षा कशाची?

त्याच अहवालात पुढचं वाक्य आहे : एका खेळाडूने आचारसंहिता मोडल्याचं त्यांना आणि मंडळाच्या आणखी चार अधिकाऱ्यांना माहीत होतं, तरी कारवाई झाली नाही. माझ्या दृष्टीने अख्ख्या प्रकरणातलं सर्वांत वजनदार वाक्य हेच. पाच जणांना माहीत होतं. पाच जण म्हणजे एखाद्या क्लबची गणपूर्ती.

फौजदारी गुन्हा आणि विश्वस्ताची जबाबदारी यांत फरक आहे, आणि मंडळाने तो मुद्दाम पुसला. गुन्ह्यात विचारतात, 'तू केलंस का?' विश्वस्ताला विचारतात, 'तू तिथे का बसला होतास?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर श्रीनिवासन यांच्या बाजूने आलं. दुसऱ्याचं उत्तर २००८ पासून लेखी पडलेलं होतं. २२ जानेवारी २०१५ ला न्या. ठाकूर आणि न्या. कलिफुल्ला यांनी ६.२.४ चं ते शेपूट छाटलं आणि व्यापारी हितसंबंध असेपर्यंत निवडणूक लढवता येणार नाही असं सांगितलं. मंडळ सार्वजनिक काम करतं, म्हणून ते रिट अधिकाराच्या कक्षेत येतं, म्हणजे त्याच्याविरुद्ध थेट हायकोर्टात दाद मागता येते, हेही ठरलं. 'खासगी संस्था' ही ढाल तिथे मोडली. पुढच्याच महिन्यात श्रीनिवासन यांनी कार्यकारिणीच्या बैठकीचं अध्यक्षपद भूषवलं आणि कोर्टाची माफी मागितली. सवय म्हणतात ती ही.

१४ जुलै २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थानच्या फ्रँचायझी दोन वर्षं निलंबित केल्या. गुरुनाथ आणि राज कुंद्रा यांना आयुष्यभर क्रिकेटपासून दूर ठेवलं. त्याच महिन्यात दिल्लीच्या कोर्टाने तिन्ही खेळाडूंना आरोपातून मुक्त केलं, पण श्रीशांत आणि अंकित यांच्यावर मंडळाने २०१३ च्या सप्टेंबरमध्येच घातलेली आजीव बंदी तशीच राहिली; ती पुढे अनेक वर्षांनी सात वर्षांवर आली. खेळाडूंवर मंडळाची बंदी यायला चार महिने लागले. मंडळावर कारवाई यायला कोर्ट लागलं.

आमच्या तंबूतली गोष्ट

आता ती शांतता. आमच्या क्लबला पावसाळ्याआधी विकेटवर टाकायची कव्हर्स घ्यायची होती. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवली. बैठकीत ती माझ्या हातात आली, तेव्हा मी फक्त रकमा पाहिल्या. मग सहज लक्ष गेलं. तिन्ही पत्रांची लेटरहेडं वेगळी, पण 'ताडपत्री' हा शब्द तिन्हींत 'ताडपञी' असा, एकाच चुकीने टाइप केलेला. कागदाच्या घड्याही सारख्याच ठिकाणी. सर्वांत स्वस्त कोटेशन आमच्या एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्याच्या मेव्हण्याचं होतं. ते पदाधिकारी टेबलाच्या टोकाला बसून भजी खात होते. उठून बाहेर जावं असं त्यांना सुचलं नाही, आणि त्यांना सुचवावं असं आम्हाला. त्यांनी क्लबसाठी तीस वर्षं उन्हात घालवली होती. चिटणीसांनी विचारलं, 'मग लिहू ना?' इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं गेलं. माझाही हात वर होता.

कव्हर्स वाईट नव्हती. भावही फार जास्त नव्हता. त्यामुळेच बोलायला तोंड नव्हतं. २००८ च्या त्या सभेत हात वर करणाऱ्यांनाही असंच वाटलं असेल : संघ विकत घ्यायला पैसेवाले लोक हवेतच, माणूस कामाचा आहे, स्पर्धा नवी आहे, उगाच कशाला.

औषध आणि त्याचा कडूपणा

लोढा समितीचा जानेवारी २०१६ चा अहवाल सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलैला स्वीकारला : सत्तरीनंतर पद नाही, मंत्री नकोत, प्रत्येक मुदतीनंतर तीन वर्षं विश्रांती, एका राज्याला एक मत. शेवटच्या अटीने मुंबईला चटका बसला. महाराष्ट्रात तीन संघटना, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मत एकच, आळीपाळीने. तोवर ४१ वेळा रणजी जिंकलेल्या मुंबईला मतासाठी रांग लावायची! पवारांनी डिसेंबर २०१६ मध्ये मुंबई संघटनेचं अध्यक्षपद सोडलं. जानेवारी २०१७ मध्ये कोर्टाने मंडळाचे अध्यक्ष अनुराग ठाकूर आणि सचिव अजय शिर्के यांना हटवलं. हो, तेच शिर्के, परत आलेले. ९ ऑगस्ट २०१८ ला मुंबईचं मत परत मिळालं आणि विश्रांतीची अट सैल झाली. १४ सप्टेंबर २०२२ ला ती आणखी सैल झाली : राज्यात दोन मुदती, मंडळात दोन, सलग बारा वर्षं. निलंबनातून परतलेल्या चेन्नईने २७ मे २०१८ ला वानखेडेवरच चषक उचलला होता आणि स्टेडियमचा बराच भाग पिवळा होता.

एक राज्य एक मत ही अट मला तेव्हाही पटली नव्हती. मतं मोजण्याचा आणि या प्रकरणाचा संबंध पातळ आहे. बिहारला मत हवं होतं, ते न्याय्यच. पण श्रीनिवासन तीस मतांनी निवडून आले काय आणि चाळीस मतांनी काय, बिनविरोध म्हणजे बिनविरोध. कामाची गोष्ट साधी होती : हितसंबंध लिहून द्या, आणि तो विषय आला की खोलीबाहेर जा. तिच्याबद्दल सर्वांत कमी चर्चा झाली.

लोढा अहवाल वाचून मी आमच्या क्लबमध्ये हेच मांडलं. कुणी विरोध केला नाही, लगेच मंजूर झालं. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून लाल कापडी बांधणीची जाड वही आली, वर खडूने 'हितसंबंध नोंद' लिहिलं गेलं. पहिल्या पानावर एक नोंद आहे, माझी : भाचा क्लबच्या सोळा वर्षांखालील संघात खेळतो, निवडीच्या बैठकीला बसणार नाही. दुसऱ्या पानापासून पुढे माळ्याच्या उधारीचा हिशेब आहे.